बारा मिनिटांनी मोठा

भिंतीवर पावणेनऊ. म्हणजे साडेआठ.

"दहा मिनिटं! मला फक्त दहा मिनिटं द्या," लवूने ब्रशवर पेस्ट घेता घेता जाहीर केलं. "आज संध्याकाळी अख्ख्या खानदानाला सापेक्षता समजावून देतो की नाही बघा! आनंदीआत्यापण मान डोलावील!"

"आत्या बसल्या जागी झोपतात तेव्हा मान डोलतेच त्यांची," बकुळा म्हणाली. ती शिऱ्याचा रवा चाळत होती. बत्तीस वर्षांच्या संसारात नवऱ्याच्या घोषणांसाठी तिने हीच रीत बसवली होती. घोषणा चाळणीत घ्यायची, हलवायची, वर काही उरलंच तर उत्तर द्यायचं.

मंडळी, पुढे जाण्याआधी घड्याळाचं सांगून ठेवतो. डिलाईल रोडवरच्या चाळीतल्या या खोलीत एक लंबकाचं घड्याळ आहे आणि ते पंधरा मिनिटं पुढे आहे. बिघडलेलं नाही, मुद्दाम पुढे ठेवलेलं आहे. लवूचे वडील कोंडीराम गिरणीत होते. लग्नात हे घड्याळ मिळालं त्याच दिवशी त्यांनी काटा पाव तास पुढे सारला, म्हणजे पाळी चुकायला नको. पुढे गिरणी बंद पडली, कोंडीराम गेले, गिरणीच्या जागी काचेचा टॉवर उभा राहिला. काटा आपला तिथेच! या घरातलं पोर बोलायच्या आधी वजाबाकी शिकतं.

आता लवूला आइनस्टाइन कशाला हवा होता?

नारळासाठी!

कोकणातल्या घरात शुभकार्य झालं की घरातला सगळ्यात मोठा पुरुष नारळ हातात घेऊन देवापुढे गाऱ्हाणं घालतो. देवाला हाक मारायची, घरातलं सगळं बरं-वाईट खड्या आवाजात सांगायचं, आणि दर वाक्याला जमलेल्यांनी ओरडायचं, "व्हय म्हाराजा!" लवू आणि कुशा जुळे भाऊ. त्यातला कुशा बारा मिनिटांनी मोठा. पण कुशा पस्तीस वर्षं बोटीवर फिटर. घरात शुभकार्य निघालं की तो नेमका आफ्रिकेच्या कुठल्यातरी टोकाला! त्यामुळे वडिलांच्या मागे नारळ लवूच्या हातात आला आणि सत्तावीस वर्षं तिथेच राहिला.

आणि लवू आयुष्यभर लिफ्टमन. फोर्टातल्या एका जुन्या ऑफिसात जाळीची लिफ्ट. लिफ्टमनशी लोक काय बोलतात? "चार." "सहा." "तळमजला." छत्तीस वर्षं माणसं त्याला आकडे सांगत आली. वर्षातून दोनदा-तीनदा, नारळ हातात असेल तेवढी सात मिनिटं, लवू बोलायचा आणि चाळीस माणसं एका आवाजात त्याला 'व्हय' म्हणायची. एरवी त्याला कुणी हो म्हटलेलं नव्हतं. रजेच्या अर्जावर साहेबानेसुद्धा नाही!

तो कुशा गेल्या महिन्यात निवृत्त होऊन कायमचा परत आला. प्रभादेवीला त्याचा फ्लॅट आहे, पण त्याच्या परतण्यानिमित्तची पूजा चाळीतल्या मूळ खोलीतच ठरली. आणि आठवड्यापूर्वी त्याचा फोन आला.

"लवू, आता मी इलंय. रविवारी गाऱ्हाणा मी घालतलंय. मोटो मीच मां?"

"व्हय," लवू म्हणाला. आणि फोन ठेवल्यावर त्याच्या लक्षात आलं की छातीतला लंबक थांबलाय.

मागच्या मंगळवारी. भिंतीवर कितीही असोत.

लवूची मुलगी श्रेया भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करते. बाप तीन दिवस जेवणात मीठ आहे की नाही हेही सांगत नाही म्हटल्यावर तिने विचारलं, "बाबा, काय झालंय?"

"कुशा मोठा आहे, बारा मिनिटांनी. दुसरं काय होणार?"

श्रेयाने सहज म्हटलं. अगदी सहज! मुलं अशीच सहज बोलतात आणि घरं पेटतात.

"तसं बघितलं तर ते इतकी वर्षं फिरले ना, तेवढं वय कमी वाढलं असणार त्यांचं."

लवूच्या हातातला घास हवेत थांबला. "काय म्हणालीस?"

"ऐका. तुमच्या लिफ्टमध्ये या भिंतीवरून त्या भिंतीवर एक चेंडू आपटतोय. टप, टप. तुम्हाला तो सरळ आडवा जाताना दिसतो. पण लिफ्ट वर चाललीय आणि मी जिन्यात उभी राहून जाळीतून बघतेय. मला कसा दिसेल?"

याचं उत्तर द्यायला छत्तीस वर्षं कमी नसतात. "तिरका! चढत चढत जाणार."

"म्हणजे लांबचा रस्ता. आता चेंडूच्या जागी प्रकाश धरा. प्रकाशाची एक खोड आहे. बघणारा उभा असो की पळत असो, तो आपला वेग बदलत नाही. रस्ता लांब, वेग तोच. मग एका टपाला वेळ?"

"जास्त!"

"झालं! जिन्यातून बघणारीला तुमच्या लिफ्टमधले टप सावकाश पडताना दिसतात. चालत्या माणसाचं घड्याळ हळू चालतं. घड्याळच नाही, नाडी, नखं, केस, सगळंच. जुळ्यांतला एक यानात बसून सुसाट फिरून आला, तर घरी राहिलेला त्याच्यापेक्षा म्हातारा झालेला असतो."

"घरी राहिलेला... मोठा?"

"हां, मोठा. फक्त एक लक्षात ठेवा. किती वाजले, असं विचारायचंच नाही. कोणाच्या घड्याळात किती वाजले, असं विचारायचं."

लवूने हे शेवटचं वाक्य ऐकलंच नाही. (ते ऐकलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती.) तो उठला, हात न धुताच श्रेयाच्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाला, "बाळा, तुझ्या फीचं सार्थक झालं!"

"बाबा, थांबा ना! बोट ताशी पंचवीस किलोमीटर जाते. समुद्रावरची वीस वर्षं धरली, तरी सेकंदाचे साठ लाख तुकडे केले तर त्यातला एक तुकडा. तेवढाच फरक पडतो."

"पडतो ना?"

"आणि काका आधीच बारा मिनिटांनी पुढे आहेत! ती बारा मिनिटं भरून निघायला त्यांना साडेआठ हजार कोटी वर्षं बोटीवर राहावं लागेल. विश्वाचंच वय चौदाशे कोटी आहे!"

लवूने दार लोटून घेतलं. मग शेजारीपाजारी ऐकत असल्यासारखं दबक्या आवाजात म्हणाला, "हे बघ. आपण तत्त्व सांगायचं. आकडा सांगायचा नाही."

आणि त्या दिवसापासून लवूला एकाच शब्दाची भीती बसली. 'किती?' भाजीवालीला कुणी किती म्हटलं तरी तो दचके. कोपऱ्यावर रिक्षावाल्याला कुणी कितना म्हटलं तरी त्याच्या पोटात लिफ्टची दोरी तुटे!

लवूचा कागद (कॅलेंडरच्या मागे, बारीक अक्षरात)

एक. कोणाच्या घड्याळात? (श्रेयाने लिहायला लावलं. वेळ उरला तर.)
दोन. चेंडू, जाळी, तिरका.
तीन. जो फिरला तो तरुण. (कुशाकडे बोट.)
चार. म्हणून मोठा मी. (नम्रपणे!)
पाच. कोणी 'किती' विचारलं तर खोकायचं. बकुळाने पाणी आणायचं. (बकुळाला सांगणे.)
सहा. सांगितलं. नाही म्हणाली.

भिंतीवर सहा. म्हणजे पावणेसहा.

पूजा आटोपली होती. खोलीत चाळीस माणसं, त्यातली पंचवीस गॅलरीत. कुशा झकास दिसत होता. पांढरा झब्बा, काळेभोर केस, पाय जरा फाकून उभा, जमीन कधीही हलेल अशा बेताने. शेजारी त्याची बायको कौसल्या आणि मुलगा ध्रुव.

लवूची पहिली अडचण तिथेच झाली. कौसल्येला इतकी वर्षं तो 'वहिनी' म्हणत आला होता. पण वहिनी ही मोठ्या भावाची बायको! आज वहिनी म्हणणं म्हणजे खटला उभा राहायच्या आधीच कबुलीजबाब!

"वह... व... वर बसा की, खुर्चीवर," लवू म्हणाला.

"बरं नाही का भावोजी? घाम आलाय तुम्हाला."

"पंखा हळू चालतोय."

पहिल्या रांगेत गौतम बसला होता. बाजूच्या चाळीतला, लवूचा शाळेपासूनचा दोस्त. छापखान्यात प्रुफं तपासून निवृत्त झालेला. "तुझ्या म्हाराजाशी माझं काही देणंघेणं नाही लवू," त्याने येताच सांगितलं होतं. "शिऱ्यासाठी येतो, ते बकुळावहिनींच्या हाताला मान म्हणून. पण आज विज्ञान आहे म्हणालास, तर वही घेऊन आलोय!"

त्याची ती उघडी वही आणि टोक केलेली पेन्सिल बघून लवूने आपला कागद खिशात खोल सारला. प्रुफं तपासणारा माणूस! आयुष्यभर त्याने दुसरं केलंय काय? मूळ कागदाशी आकडे ताडून बघितले!

कुशाने पाटावरच्या नारळाकडे हात नेला. लवू मध्ये आला.

"दहा मिनिटं!" तो ओरडला. जरा जास्तच मोठ्याने. आनंदीआत्या जागी झाली.

लवूच्या बाजूने पाहिलं तर

सुरुवात सुरेख झाली! चेंडू, जाळी, तिरका. सगळ्यांनी लवूची लिफ्ट पाहिलेली असल्यामुळे कुणालाच अडचण आली नाही. प्रकाशाची खोडही पटली. आमच्या बिल्डरसारखाच हट्टी, असं मागून कुणीतरी म्हणालं. लवूला चेव आला.

"म्हणून, जो फिरला तो तरुण राहिला! घरी बसला त्याचं वय झालं! विज्ञान आहे हे! विश्वास नसेल तर बघा! ह्यो कुशा, ह्यो मी!"

चाळीस डोकी कुशाकडे वळली. काळेभोर केस. मग लवूकडे. कापूस. पुन्हा कुशाकडे. खोलीत "अय्याऽऽ" असा सूर उमटला. लवूला वाटलं, इतका सोपा पुरावा खुद्द आइनस्टाइनलाही मिळाला नसेल!

"डाय आहे तो," कौसल्या म्हणाली. "दर पंधरा दिवसांनी मीच लावते."

"गे बाये, गप ऱ्हव!" कुशा पुटपुटला.

"असूदे डाय!" लवू घाईने म्हणाला. "डायच्या आतले केस तरुण आहेत! मुद्दा काय, तर पस्तीस वर्षं वय माझं वाढलं. तेव्हा गाऱ्हाणं... म्हणजे मी मागत नाही, विज्ञान सांगतंय..."

कुशाच्या कपाळावर आठी पडली. पण तो भांडला नाही. फिटर माणूस. यंत्र उघडून बघितल्याशिवाय बोलत नाही.

"थांब हां, लवू. बोट सुटता तेव्हा मी डेकार उभो. माझ्या पायाखाली डेक जागच्या जागी. मी खंय हललंय? मागे गेलो तो धक्को! मागे गेलास तो तू!"

"करेक्ट पप्पा!" ध्रुव उडालाच. हा मुलगा वकिलीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. "पप्पांच्या दृष्टीने काकाच मूव्ह होत होते! मग काकांचं घड्याळ स्लो! काकाच लहान!"

कुशाच्या बाजूने पाहिलं तर

कुशा स्थिर आहे. हातात चहाचा मग आहे. डिलाईल रोडची चाळ मात्र ताशी पंचवीस किलोमीटर वेगाने दूर निघाली आहे. गॅलरीत वाळत घातलेले लेंगे फडफडताहेत. लवू खिडकीतून रुमाल हलवतोय. बकुळा कुकरसकट चालली, आनंदीआत्या गावासकट चालली, सिद्धिविनायकाची रांगसुद्धा रांग न मोडता चालली! चाळ आठ महिने अशी कुठेकुठे भटकते आणि एके दिवशी, थकूनभागून, कुशाच्या बोटीला येऊन लागते. कुशा चहाचा मग खाली ठेवतो आणि म्हणतो, "इलास? बराच उशीर केलास!"

भिंतीवर साडेसहा. म्हणजे सव्वासहा.

खोलीत दोन तट पडले. नव्या सुनांचा तट म्हणाला बोट हलली, जुन्या जावयांचा तट म्हणाला चाळ हलली. लवूने कागद बघितला. कागदावर हे नव्हतंच! त्याने घाबरून श्रेयाकडे पाहिलं.

श्रेया त्याच्या कानाशी लागली. "वळलं कोण, ते विचारा. दोघं पुन्हा भेटायचे तर एकाला वळून परत यावंच लागतं. जो वळतो त्याला ते अंगात जाणवतं. घरी बसलेल्याला नाही जाणवत. इथेच दोघांतला फरक!"

लवू ताठ झाला. "कुशा! तुझ्या गळ्याशपथ सांग. बोट वळली की पोटात ढवळायचं कुणाच्या?"

कुशा झब्ब्याची बाही सारखी करू लागला.

"सांगा ना आता," कौसल्या म्हणाली. "पस्तीस वर्षं बोटीवर, पण बोट वळली की हे बादली घेऊन बसायचे! कॅप्टन म्हणायचा, फिटरला विचारा, दिशा बदलली का!"

"आणि चाळ वळली म्हणून इथे कुणाला ओकारी झाली?" लवूने दोन्ही हात पसरून विचारलं. "बोला! झाली कुणाला?"

"नाय!" चाळीस माणसं एका आवाजात म्हणाली. नारळ हातात नसतानाही! लवूला क्षणभर इतकं बरं वाटलं, की त्याने पाटाकडे हात नेला. बोटं शेंडीला लागलीसुद्धा.

"एक मिनिट काका," ध्रुव म्हणाला. "जो वळतो त्याला जाणवतं, आणि त्याचं वय कमी वाढतं. असंच ना?"

"असंच!"

"मग लिफ्टमध्ये वर पोचल्यावर पोटात गोळा येतो तो कसला? वर गेलात, वळलात. खाली आलात, वळलात. दिवसाला शंभर फेऱ्या! पप्पा वर्षातून एकदा वळले. तुम्ही छत्तीस वर्षं दुसरं केलंत काय?"

अरे देवा! लवूचा हात नारळावरच गोठला. त्याने मनात हिशेब मांडला. दिवसाला दोनशे वळणं. वर्षाला साठ हजार. छत्तीस वर्षांत... तो स्वतःच्याच सिद्धांताने पाळण्यात जाऊन पडला होता!

"ध्रुव, काहीही काय बोलतोस!" श्रेया बापाच्या मदतीला धावली. चांगल्या मुली अशाच धावतात आणि बाप असेच बुडतात. "वळणं मोजायची नसतात, वेग बघायचा असतो! लिफ्ट केवढीशी हळू चालते! बोटीच्या मानाने काकांच्या... म्हणजे बाबांच्या लिफ्टचा फरक काहीच नाही!"

गौतमने वहीतून मान वर केली. चष्मा पुसला. पेन्सिल कागदावर टेकवली.

"काहीच नाही म्हणजे?" तो म्हणाला. "आणि बोटीचा तरी किती?"

लवू खोकला.

बकुळा हलली नाही.

लवू पुन्हा खोकला. डोळ्यांत पाणी येईपर्यंत खोकला. शेवटी कौसल्येने पाण्याचा पेला आणून दिला, आणि तो घेताना लवूच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "थँक्यू, वहिनी!"

"आं?" ध्रुव म्हणाला. "ऐकलंत ना सगळ्यांनी?"

"किती, श्रेया?" गौतमने पुन्हा विचारलं.

श्रेयाने बापाकडे पाहिलं. लवूने नाही, नाही अशी मान हलवली. पण तिला शिकवताना त्यानेच सांगितलं होतं, विद्येशी खोटं बोलू नये. तेव्हा त्याला कुठे ठाऊक होतं, ते वाक्य असं फिरून अंगावर येईल!

"सेकंदाचा साठ लाखावा भाग," ती म्हणाली.

गौतमने लिहून घेतलं. शून्यं मोजली. "आणि कुशा किती आधी जन्मला?"

"बारा मिनिटं."

"मग ते फिटायला?"

"साडेआठ हजार कोटी वर्षं."

गौतमने तीही शून्यं मांडायला घेतली. तो मांडत असतानाच आनंदीआत्या म्हणाली, "तवसर शिरो थंड होतलो!"

आणि खोली फुटली! हसू गॅलरीतून जिन्यात, जिन्यातून खालच्या मजल्यावर गेलं. लवूही हसला. दुसरं काय करणार? नारळावरून हात काढताना तो कुणाला दिसू नये म्हणून त्याने खांदा खाजवला.

एक जुना कागद

कुशाने घड्याळाशेजारची धुरकट फ्रेम भिंतीवरून उतरवली. त्यात पंचांगाचं एक पान होतं, बापाच्या हातचं. त्यामागची हकीकत घरात सगळ्यांना पाठ होती. जुळ्यांचा जन्म याच खोलीतला. सुईण रखमाबाई, ती पण गिरणीतलीच. पोरं झाल्या झाल्या दोघांना एका सुपात ठेवून ती पाळीवर पळाली. त्यातल्या एकाच्या मनगटाला तिने काळा दोरा बांधला आणि शेजारणीकडे निरोप ठेवला, "दोऱ्याचो भोंग्याक झालो." बिनदोऱ्याच्या वेळी घड्याळ बघायला सांगितलं होतं ते नऊ वर्षांच्या आनंदीला, म्हणजे आजच्या आनंदीआत्याला. ती गावाहून आठच दिवसांपूर्वी आलेली, आकडे वाचण्यापुरती हुशार. आईला शुद्ध आली तेव्हा दोघं सुपात शेजारी शेजारी. कोण आधी नि कोण नंतर, तिला कुठलं कळायला? तिला एकच गोष्ट आठवायची आणि ती जन्मभर सांगायची, "भोंगो झालो नि मी सुटलंय!" कोंडीराम रातपाळीहून आठला आले आणि ज्याने जे सांगितलं ते लिहून मोकळे झाले.

कुशाने मोठ्याने वाचलं. "दोऱ्याचा, म्हणजे कुशा. सात वाजता, भोंगा. बिनदोऱ्याचा, लवू. सात वाजून बारा, घरचे घड्याळ."

"झालं!" ध्रुव म्हणाला. "डॉक्युमेंट आहे!"

नारळ कुशाच्या हातात गेला.

भिंतीवर सात वाजून बारा.

कुशा देवापुढे उभा राहिला. सगळे उठले. लवू दाराशी, चपलांच्या ढिगाजवळ.

"बा देवा म्हाराजा!" कुशा म्हणाला.

"व्हय म्हाराजा!"

आणि पुढे काही नाही. कुशाने नारळ या हातातून त्या हातात घेतला. पस्तीस वर्षांत त्याने गाऱ्हाणं ऐकलं होतं ते फोनवरून, निम्मं वाऱ्याने खाल्लेलं. त्याला पुढचं येतच नव्हतं! चाळीस माणसं तोंड उघडून 'व्हय'साठी तयार, आणि म्हणायला वाक्यच नाही!

त्या ताटकळलेल्या शांततेत गौतमने मनगटाकडे पाहिलं, मग भिंतीकडे. "सात-बारा?" तो बकुळेला हळूच म्हणाला. "माझ्यात तर सहा सत्तावन्न आहेत."

"बरोबर आहे तुमचं. ते पंधरा मिनिटं पुढे आहे. सासऱ्यांच्या लग्नापासून."

लवूने सवयीने वजाबाकी केली. भिंतीवर सात-बारा, म्हणजे सहा सत्तावन्न.

मग त्याची नजर कुशाच्या काखेतल्या फ्रेमवर गेली. लवू. सात वाजून बारा. घरचे घड्याळ.

भिंतीवर सात-बारा. म्हणजे...

भोंगा गिरणीचा. तो कुणाच्या सोयीने पाव तास पुढे वाजत नसे. कुशा सातला. आणि लवू सहा सत्तावन्नला! भोंगो झालो नि मी सुटलंय. अगं आई! सुटलीस ती दुसऱ्या पोराच्या वेळी! भोंग्याला आला तो शेवटचा!

लवू मोठा होता. तीन मिनिटांनी. पहिल्यापासून! प्रकाश, चेंडू, बोट, कशाचीही गरज नव्हती. पुरावा बासष्ट वर्षं भिंतीवर टिकटिकत होता आणि दुसरा पुरावा त्याला खेटून टांगलेला होता. कोणाच्या घड्याळात? कागदावर पहिलाच मुद्दा! वेळ उरला तर!

त्याने ओरडायला तोंड उघडलं. छाती भरून श्वास घेतला.

"बा देवा म्हाराजा," तेवढ्यात कुशाचा आवाज आला. वळत्या बोटीवरच्या माणसासारखा. "माका काय येना नाय. माका एकच ठावक आसा. ह्यो माझो भाव दर वर्सा हयसर उभो ऱ्हवान सांगायचो, जो दर्यावर आसा, तेका सुखरूप घराक आण. बोट हलाक लागली की मी तांच म्हणत बसायचंय. बादली धरून. तेणी मागल्यान म्हणान मी इलंय. तर म्हाराजा, आज माझा एकच मागणा. जो हयसर थांबलो, तेका सुखात ठेव रे म्हाराजा!"

लवूचं तोंड उघडंच होतं. छातीत श्वास भरलेलाच होता. तो कुठेतरी जायलाच हवा होता.

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यांच्या आधी. सगळ्यांपेक्षा मोठ्याने. एकटाच. मग बाकीचे म्हणाले.

पुढचं गाऱ्हाणं लवूने दाराशी उभं राहून ओळ ओळ हळूच पुरवलं आणि कुशाने ते मोठ्याने म्हटलं. नारळ एका दणक्यात फुटला.

भिंतीवर साडेआठ. म्हणजे सव्वाआठ.

पाहुणे पांगले. लवूने बकुळेला मोरीपाशी गाठलं. श्वास लागला होता त्याला.

"बकुळा, ऐक! कुणाला सांगू नकोस. मी मोठा आहे! ते घड्याळ..."

"पंधरा मिनिटं पुढे. आणि कागदावर घरचे घड्याळ लिहिलंय," बकुळा भांडी विसळत म्हणाली. "माहीत आहे मला. दर दसऱ्याला घड्याळ आणि फ्रेम दोन्ही मीच पुसते. लग्नानंतरच्या तिसऱ्या दसऱ्यालाच कळलं."

"आणि सांगितलं नाहीस? सत्तावीस वर्षं मी..."

"सत्तावीस वर्षं तुम्ही नारळ धरलात. मागची चाळीस माणसं कोणी जेवू घातली? कुणाचं डोहाळजेवण, कुणाचं तेरावं, गावाहून आलेल्यांची अंथरुणं? ते मोठ्या सुनेचं काम. कौसल्यावहिनी बंदरं बघत होत्या, म्हणून मी केलं." तिने हात पुसले. बाहेर कौसल्या आनंदीआत्याला विचारत होती, पुढच्या महिन्यात गावाहून येणारी आठ माणसं आमच्याकडे प्रभादेवीला उतरतील का. "आज देवापुढे ठरलंय, मोठ्या त्या. इतक्या वर्षांनी सुटले मी. आता त्या घड्याळाला हात लावलात तर बघा!"

लवूने खिशातला तो कागद चुरगळून टाकला.

"लवू!" आतून आनंदीआत्याची हाक आली. "पत्रावळी कोण उचलतलो रे? बारको तू मां?"

"व्हय म्हाराजा!" लवू म्हणाला आणि वाकला.